साळुंक्यांना प्रार्थना कोण शिकवणार?

नाही, पण मला एवढंच सांगा, संध्याकाळच्या प्रार्थनेला हलायचं नाही हे आमच्या गावातल्या डुकरांनासुद्धा कळतं, तर साळुंक्यांना का कळत नाही? पाद्रीबाबांना विचारलं, ते म्हणाले, "बाळ, जेवलास का?" फेरेती मामाला विचारलं, तर तो म्हणतो, "तुझी शाळा कितवीत सुटली रे, तासी?" आता याचा काही संबंध? चौथीत सुटली! म्हणून प्रश्न खोटा होतो का?

तुम्हाला सांगतो, सूर्य बुडाला की आमच्याकडे नीरफणसाला टांगलेला गॅसचा रिकामा सिलिंडर बडवतात. ठण्ण! की अख्खं गाव घरात, चटईवर, डोळे मिटून. पुन्हा ठण्ण होईपर्यंत कुणी हलायचं नाही. तरणी पोरं काठ्या घेऊन रस्त्यावर उभी, कोण हललं ते बघायला… आणि साळुंक्यांना? मोकळं रान!

गाईंच्या गोचिड्या खायला म्हणे त्यांना कुणीतरी बाहेरून आणलं. आता गावात गाई अडीच आणि साळुंक्या अडीच हजार! बरोबर घंटेच्या वेळेला झोपायला येतात, झोपण्याआधी भांडतात, आणि भांडून झालं की आमच्या अंगणात, फुआतिनो ताईच्या थडग्यावर छाती काढून फिरतात, जशी काही वतनदारी त्यांचीच.

थडगं आमच्याकडे दारासमोरच असतं, माणूस लांब जात नाही म्हणतात. चार महिने झाले. ती गेली तेव्हा मी न्यूझीलंडला सफरचंदं तोडत होतो, येईपर्यंत सिमेंटसुद्धा वाळलं होतं… जाऊ दे. ते नको.

तर, तिच्या थडग्यावर वाकलेल्या जास्वंदीत इयाओनं घरटं केलं, त्यात पिल्लू. इयाओ म्हणजे इथलाच पक्षी, हिरवट, मुठीएवढा, पण आवाज? ताईसारखा! आई म्हणाली, "तिला सोबत झाली." बस्स, माझ्या डोक्यात ते पक्कं बसलं. बहिणीनं सांगायचं आणि भावानं झाडावर चढायचं, हेच आमच्यात भावाचं काम. आता बहीणच नाही तर माणसानं चढायचं कुठं? म्हटलं, हे पिल्लू उडेपर्यंत त्याच्या पिसालाही धक्का लागू द्यायचा नाही.

पिल्लू एक, साळुंक्या तीस! एक इयाओच्या मादीला पळवते, दुसरी नराला, तिसरी घरट्यात वाकून बघते, भाड्याची खोली बघायला आल्यासारखी! आणि मी आत, चटईवर, डोळे मिटल्यासारखे करून! वर मामाची प्रार्थना, "हे परमेश्वरा, या घरावर… तासी, बस खाली… तुझी कृपा… बस म्हणतो ना गाढवा… आमेन!"

पहिल्या दिवशी मी चप्पल फेकली. साळुंकी उडाली आणि चप्पल रस्त्यावर, काठी घेऊन उभ्या आपेलूच्या थेट कानाखाली. सकाळी पंचायत. "कोण हललं?" म्हटलं, "मी नाही, चप्पल हलली!" हसलं का कुणी? छे! म्हणे, "पुन्हा हललास तर तुझ्या आईनं डुक्कर भाजून सगळ्या पंचायतीला जेवण घालायचं." आईचं डुक्कर एकच, तेही गाभण… आणि साळुंक्यांना? मोकळं रान!

तेव्हापासून आई प्रार्थनेला माझ्या लुंगीचं टोक पायाखाली दाबूनच बसते.

आणि काल… ठण्ण झालं, मामानं "हे परमेश्वरा" म्हटलं, आणि पिल्लू घरट्यातून पटकन खाली, थडग्यावर! अजून धड उडता येतंय कुठं? नुसता आ वासलेला. साळुंक्यांनी रिंगण धरलं. मी उठलो, लुंगी राहिली आईच्या पायाखाली! पण चालत नाही गेलो हं! गुडघ्यांवर गेलो, हात जोडून, मोठ्यानं "हे परमेश्वरा" करत. आता गुडघ्यांवर जाणं म्हणजे हलणं की प्रार्थना? करा म्हणावं पंचायत!

रस्त्यावरून आपेलू दबक्या आवाजात, "अरे, आत जा! काय अवतार हा!"

"प्रार्थना करतोय!"

"चड्डीवर?"

"देव काय लुंगी बघतो का रे!"

पोचलो, पिल्लावर ओणवा झालो. साळुंक्या पाठीवर, डोक्यावर, टोचतायत, बोंबलतायत, इयाओची मादीसुद्धा मलाच टोचतेय, तिला काय माहीत कोण कुणाच्या बाजूचं! शेवटी कंटाळून गेल्या सगळ्या नीरफणसावर. आणि हे पिल्लू माझ्या दंडावरून चढत चढत खांद्यावर आलं, मानेला चिकटलं, आणि झोपलं की हो!

ठण्ण! प्रार्थना संपली. अख्खं गाव हलायला मोकळं. पोरं खो खो हसतायत, आई लुंगी घेऊन दारात, मामा ओरडतोय, "ऊठ रे गाढवा! आता हललास तरी चालतं!"

आता त्याला काय सांगणार? डुकराचं काय व्हायचं ते होवो म्हटलं. पहाटे पिल्लू आपणहून उडून जास्वंदीत गेलं… तोवर मी काही हललो नाही.