उतारावरचा न्यूट्रल

बाबा : अगं, चाळीसलाच चौथा गिअर टाकलास? इंजिन कण्हेल!

आई : कण्हतंय का? ऐका बरं.

बाबा : आत्ता नाही. पण कण्हेल. आणि आरसा किती खाली ओढलायस! परत लावताना माझी मान मोडते.

लेक : पंचांचा इशारा! चालवणाऱ्याला टोमणे मारायचे नाहीत, असं ठरलंय. काल याच रस्त्यावर तुमची पाळी होती, तेव्हा आई तोंडाला कुलूप लावून बसली होती.

बाबा : काल टोमणे मारण्यासारखं होतंच काय? वीस वर्षं चालवतोय!

आई : वीस वर्षं दुसऱ्यात नि तिसऱ्यात. काल अर्धा रस्ता गाडी नुसती किंचाळत होती.

बाबा : त्याला दम म्हणतात. ते सोड. कालच्यापेक्षा जास्त पेट्रोल लागलं, तर उद्यापासून तुझ्या त्या नव्या प्रयोगशाळेत दोन बस बदलून जायचं. शब्द दिलायस.

आई : आणि कमी लागलं, तर नव्या नोकरीला मी गाडीनं जाणार. तुमचं ऑफिस चालत दहा मिनिटांवर आहे. शब्द तुम्हीही दिलाय.

लेक : चढ आला, चढ आला!

बाबा : आता बघ चौथ्यात कशी धाप लागते ते... अरेच्चा, तिसरा टाकलास?

आई : मग? चौथ्याशी काय लग्न लागलंय माझं? गाडी थरथरायला लागली की खाली यायचं, सपाटी आली की वर.

बाबा : हं. आता उतार. न्यूट्रल कर. अगं, कर की! फुकटचा उतार वाया चाललाय!

आई : नाही करणार. गिअर आहे तसा, पाय तेवढा वर.

बाबा : संपलं! हरलीस! माझी सगळी बचत याच उतारावर होते.

लेक : बाबा, आपल्या गाडीत गिअर ठेवून पाय काढला ना, की उतारावर पेट्रोल बंदच होतं. इंजिनाला चाकंच फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र ते चालू राहायला थेंब थेंब पीत बसतं.

बाबा : हे कुणी सांगितलं?

लेक : गाडीच्या पुस्तिकेनं. ही गाडी घेतल्यापासून अकरा वर्षं प्लास्टिकच्या पिशवीत गुदमरत होती बिचारी. मी सोडवली, आणि आईला वाचून दाखवली.

बाबा : घरचा भेदी!

लेक : पंच, बाबा. पंच!

(पेट्रोल पंप. कालचाच, आणि नळीही कालचीच.)

बाबा : टाकी भरून टक वाजलं की बंद. कालसारखंच.

लेक : काल तुमच्या फेरीनंतर दोन लिटर नव्वद मावलं होतं. आज... दोन... दोन वीस...

आई : मनात वाच गं, एकदम शेवटचा आकडा सांग.

लेक : दोन तीस... दोन अडतीस... टक! आई! दोन अडतीस! अर्ध्या लिटरनं! जिंकलीस, जिंकलीस, जिंकलीस!

बाबा : एकदा पुन्हा दाबायला सांग.

लेक : दाबलं. लगेच टक.

आई : अहो, आता मान्य?

बाबा : वीस वर्षं मी उतार फुकटचा समजत होतो.

आई : मग आता उतरून माझ्या दाराशी कुठे आलात?

बाबा : सवय गं. उठू नकोस, बस तिथेच. मी मागे बसतो. ती पुस्तिका दे इकडे.

लेक : आणि आरसा, बाबा? नीट करायचाय ना?

बाबा : राहू दे. तिच्या उंचीलाच राहू दे.