गुलाबी

आत्या : अगं, सोड ना थर्मास! रस घरून गाळून आणलाय. चोथ्याचा एक कण सापडला तर नाव बदलीन.

मुलगी : आत्या, बाबांचं पोट कालच उघडून शिवलंय. सर्जननी पाण्याचा थेंबसुद्धा द्यायचा नाही म्हणून बजावलंय.

आत्या : हे पाणी आहे का? अननस आहे. तूच सांगतेस ना, अननसातलं काहीतरी आतड्याला वाचवतं म्हणून?

बाबा : द्या गं कुणीतरी. घशाला कोरड पडलीय.

मुलगी : बाबा, तुम्ही गप्प पडा. आणि हसू नका, टाके ओढले जातील.

बाबा : मग आधी माझ्या बहिणीला बाहेर काढ.

आत्या : काढा, काढा! माझ्या मेलीच्या कष्टांची किंमतच नाही.

मुलगी : आत्या, अननसाच्या देठातून एक एन्झाइम काढतात. ते शुद्ध करून, मोजून आम्ही उंदरांना देतो. तेही आधी.

आत्या : कशाच्या आधी?

मुलगी : आतड्याचा रक्तपुरवठा चिमट्यानं बंद करायच्या आधी. मग थोड्या वेळानं चिमटा सोडतो. बाबांच्या आतड्याला पीळ पडला तेव्हा तेच झालं, रक्त थांबलं. आणि रक्त परत आलं की सुटलो, असंही नसतं. उलट तिथून नवीन दुखणं लागतं. सूज येते, आतलं अस्तर सोलवटतं. ते कमी करता येतं का, एवढंच आम्ही बघतोय.

बाबा : येतं?

मुलगी : उंदरांत, थोडंफार. माणसांचं अजून सांगता येत नाही.

आत्या : म्हणजे सख्ख्या बापावर वेळ आली, आणि औषध तुझ्या कपाटात!

मुलगी : फ्रिजमध्ये. माझ्या मनात आलं नसेल असं वाटतं तुला? गाडीत बाबा कळवळत होते आणि माझ्या डोक्यात तेवढंच चाललं होतं. पण उंदरांवर चाललेलं माणसाला नाही देता येत गं. बाप असला तरी.

(आत्या थर्मास खाली ठेवते.)

आत्या : चुकलंच माझं. जिभेला हाड नाही.

बाबा : ताई, तो रस तूच पी. सकाळपासून तुझ्या पोटात काही नाही.

आत्या : पिते बापडी... ई! काय आंबट आहे! बरं झालं दिला नाही. कप विसळून येते.

बाबा : गेली? आता ऐक. आपल्या सलूनमध्ये खुर्चीत बसेल त्याला मी सांगतो, माझी पोरगी डॉक्टर आहे.

मुलगी : ठाऊक आहे. तुमचं एक गिऱ्हाईक गुडघा दाखवायला थेट प्रयोगशाळेत आलं होतं.

बाबा : हसवू नकोस! आई गं... उंदीर म्हटलं की लोक तोंड वाकडं करतात, म्हणून मीही कधी खोलात गेलो नाही. तुला विचारलंही नाही.

मुलगी : आता विचारा.

बाबा : काल मी आत होतो, तेव्हा बाहेर बसून काय केलंस?

मुलगी : काही नाही. आत्या देवाचं नाव घेत होती. मला ते जमेना. मला नुसतं आतलं दिसत होतं. आता पीळ सोडवला असेल. आता सगळे हात थांबवून आतड्याचा रंग परततोय का बघत असतील. काळंच राहिलं तर कापावं लागणार.

बाबा : मग?

मुलगी : दार उघडलं. सर्जन बाहेर आले. मी उठून उभी राहिले.

बाबा : ते काय म्हणाले?

मुलगी : गुलाबी झालं, म्हणाले.