दोन मिनिटं, इंजिन चालू

हॅलो? … हां, बोल गं. … नाही, जेवायचंय अजून. खिडकीत उभी आहे, तुझ्या भावोजींची वाट बघत. … वाट म्हणजे, पाळत म्हण हवं तर.

आधी आईचं सांग. गुडघा कसा आहे? … आणि डॉक्टरांकडे? … अजून नाहीच म्हणते? … अगं, दोन वर्षं झाली तिला डोंगरावरच्या घरातून खाली उतरून! … माहितीये मला. त्या चढावर जे झालं ते तिच्या मनातून जात नाही. माझ्या तरी कुठे गेलंय? अर्ध्या वाटेत गाडीने मान टाकली, आई कडेच्या दगडावर बसलेली, लोक गाडी ढकलतायत, आणि मी सगळ्यांसमोर यांना म्हटलं, तुमच्याकडून एवढंही होत नाही. … हो, ऐकून घेतलं. म्हणून तर आता भीती वाटते.

कसली म्हणजे? अगं ऐक ना. यांचं काहीतरी चाललंय. … हसू नकोस! … रोज सातला गाडी खाली येते. इंजिन चालूच, आणि हे आत बसून. दोन मिनिटं. घड्याळ लावून बघितलंय मी. मग बंद करतात, वर येतात, चप्पल काढतात आणि विचारतात, 'काय विशेष?' … तेच तर, हातात फोन नसतो. नुसते भिंतीकडे बघत बसतात. स्वतःच्या घरात यायला माणसाला दोन मिनिटं धीर गोळा करावा लागतो का गं?

नाही, एवढंच असतं तर सोडून दिलं असतं. … रविवारी सकाळपासून गायब. म्हणे, शाळेत पेपर तपासायचेत. भूगोलाच्या मास्तरच्या नखांत ग्रीस कुठून येतं, सांग ना. … आणि कॅमेरा नाही कपाटात. … तोच! मला हात लावू देत नव्हते तो. विचारलं तर म्हणे, मित्राला दिलाय. कोणता मित्र? … चावीही देत नाहीत हल्ली. 'क्लच जड झालाय, तुला नाही झेपणार.' वीस वर्षं चालवतेय मी ती गाडी! … स्टिअरिंगजवळ एक नवीन काटा बसलाय, घड्याळासारखा. वेळ काही दाखवत नाही. आणि गाडी शिट्टी मारते आता. … हो, अगदी तशीच, वेग घेतला की वाढत जाणारी…

थांब. तुला कसं माहीत? मी नुसतं शिट्टी म्हटलं. … अंदाज? बरा लागला अंदाज.

बरं, पुढचं ऐक. काल डिकी उघडी राहिली होती. आत तीन पोती. … वाळूची! प्रत्येकावर खडूने आकडा. अडुसष्ट, बावन्न, एकसष्ट. … बांधकाम? कोणाचं? नाही, तूच सांग, कोणाचं घर बांधतायत हे? … विषय बदलू नकोस.

आली. आली बघ गाडी. ठेवू नकोस, आज मी खालीच जाते. … शांत वगैरे काही नाही. … धापा कुठे, जिना उतरतेय. तू फोनवरच राहा, साक्षीदार म्हणून.

अहो! काच खाली करा. … दचकताय काय, मीच आहे. … इंजिन का चालू आहे? … 'दोन मिनिटं' काय दोन मिनिटं! रोज कोणासाठी असतात ही दोन मिनिटं? … नाही, आत्ता. … ही बघा, काढली चावी.

अगं, चावी काढली तर हे डोकं धरून बसलेत. … अहो, झालं काय एवढं? … काय जळतं? … कसला पंखा?

ऐकतेस का गं? टर्बो आहे म्हणे यात. … मला काय विचारतेस! धुराच्या जोरावर पंखा फिरतो, इंजिनात जास्त हवा कोंबतो, मग ताकद वाढते; शिट्टी त्याचीच आणि तो काटा त्याच हवेचा दाब दाखवतो, असं म्हणतायत. लालबुंद तापतो तो, एकदम बंद केलं तर आतलं तेल जळून त्याची वाट लागते. म्हणून दोन मिनिटं बसायचं.

आणि आपलं इंजिन? … भंगारात? … आणि हे भंगारातनं आणलं? ठोकलेल्या गाडीचं? अहो, गंडवलं असणार तुम्हाला! … स्वतः खोलून बघितलंत? तुम्ही? … सात महिने रविवारचे. बरं. आणि पैसे कुठून आणले?

…कॅमेरा.

अहो, पण कशासाठी? या वयात शर्यत लावायचीये का कोणाशी?

…

हॅलो… आहे गं, आहे मी. … त्या चढासाठी, म्हणतायत. … हो, आपल्याच. 'खाली कोणीही उतरवेल, पण परत वर कोण चढवणार?' असं म्हणाली होती ना आई? ते यांनी ऐकलं. आणि माझंही ऐकलं. … नाही रडत. जिना उतरून आले ना, म्हणून.

सांगायचंत तरी हो. … आधी चढू दे, मग सांगू? … मग, चढली? … गेल्या रविवारी? तिसऱ्या गिअरवर? … पोत्यांना सीटवर बसवून? पट्टे बांधून? … म्हणजे ही पोती… आपली माणसं? बावन्न आई, एकसष्ट ही धाकटी. … आणि अडुसष्ट?

मी? कोणी सांगितलं तुम्हाला? मी वजन एकदाच सांगितलंय, तेही फक्त…

ठमे! … फोन ठेवायचा नाही. तुला सगळं माहीत होतं! ती शिट्टी फाटकात उभी राहून ऐकलीस तू! … आणि मला पाऊण तास बोलू दिलंस? … बघतेच तुझ्याकडे शनिवारी.

हो, शनिवारी. डॉक्टरांची वेळ घे. आईला सांग, परत वर आणायची जबाबदारी जावयाची. … नाही, घरात नाही जात एवढ्यात. मी मध्येच बंद केलं ना, तेल फिरू दे म्हणाले, पुन्हा सुरू केलंय. … मी पण बसलेय आत. … नाही गं, काही बोलत नाहीये आम्ही. दोन मिनिटं… ठेव तू.