गल्लीच्या झेंड्यावरची म्हस

फ्लेक्स यायच्या आधीची गोष्ट सांगतो. फुटबॉलची मॅच तोंडावर आलेली आणि आमच्या गल्लीला झेंडाच न्हवता. तालमीत सगळी बसली. वाघ, तलवार कुणाकडं बी असतंय. आमची गल्ली गवळ्यांची, तवा म्हस काढायची, हे एकमतानं ठरलं. पेंटरनं कापडावर झकास म्हस रंगवून आणली.

आण्णा गवळ्यांनी नुस्तं बघितलं आणि उठलेच. "ही तात्याची म्हस हाय!"

पेंटर म्हणाला, "आण्णा, म्हशीसारखी म्हस हाय की."

"डावं शिंग बघ की, कसं वाकडं हाय! मला येडं समजतोस व्हय? तुझ्या दारातनं रोज तीच जाती. हा झेंडा लागायचा न्हाय!"

समोरच्या गोठ्याचे तात्या मिशीवर हात फिरवत म्हणाले, "माझी देखणी हाय, त्याला तो काय करणार?"

झालं! मॅच ऱ्हायली बाजूला, तालमीतच जुंपली. शेवटी गल्लीतल्या थोरल्या आक्का दारातनं वरडल्या, "आरं, कापडाला दुसरी बाजू न्हाय व्हय? तिथं आण्णाची काढा!"

मॅचला झेंडा दिमाखात फडकला. शेजारच्या पेठेतल्या एकानं खवचटपणे विचारलं, "काय पावणं, म्हस कुणाची म्हणायची?"

आण्णा मान वर करून म्हणाले, "आत्ता तात्याची हाय. थांबा, वारं फिरू दे!"