गावपळणीत होडीतून उडी मारलेल्या कुत्र्याबाबत

ता. २२ डिसेंबर १९५८

नाव सुभद्रा लवू तारी, वय अंदाजे तीस, धंदा घरकाम व बाजारी तिसऱ्या (खाडीतले शिंपले) विकणे, राहणार आचरा, खाडीकाठ, ता. मालवण, जि. रत्नागिरी.

मला कोणी बोलावलेले नाही. मी आपल्या पायांनी चौकीत आले आणि हवालदारसाहेबांनी विचारल्यावरून सांगते की, माझा नवरा लवू खाडीवर तर, म्हणजे माणसे पलीकडे नेणारी होडी, चालवतो. परवा आमची गावपळण संपली. हवालदारसाहेब देशावरचे, म्हणून खुलासा करते. रामेश्वराचा कौल झाला की आमचा गाव माणसे, गुरे, कोंबड्या, कुत्री-मांजरे घेऊन तीन दिवस शिवेबाहेर राहतो. मागे जिवंत काही उरता कामा नये. जो उरेल तो वाचत नाही असे आम्ही मानतो.

त्या दिवशी सगळ्या वाडीला पलीकडे सोडता सोडता लवूला संध्याकाळ झाली. झोपडी घालायला जागा उरली नाही. लवू म्हणाला, होडीतच राहू. खाडीचे पाणी गावात धरायचे की बाहेर, यावर मानकऱ्यांचा वाद झाला. शेवटी भिकाजी गावकर म्हणाले, पलीकडल्या अर्ध्यात राहा, आपल्या काठाला होडी लावू नका. ते आम्ही पाळले.

घरची बाकीची माणसे भावकीच्या झोपडीत राहिली; होडीत मी, लवू व आमचा कुत्रा सुकट होतो. पिल्लू असताना काडीसारखा होता म्हणून सुकट. आता त्याला उचलायला दोन्ही हात लागतात. रंग काळा.

माझे लग्न होऊन चौदा वर्षे झाली. तारीची बायको असून मी होडीतून फक्त या काठावरून त्या काठावर गेले होते. खाडी लांबीने कधी बघितली नव्हती. दुसऱ्या दिवशी लवूने शीड लावले आणि आम्ही वर माडांच्या बेटापर्यंत गेलो, मग ओहोटीबरोबर खाली मुखापर्यंत आलो. सुकट होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, उभा राहून प्रत्येक बगळ्यावर भुंकत होता. मुखाशी समुद्राची लाट होडीखाली आली तेव्हा मी ओरडले आणि मग मला हसू आवरेना. लवू म्हणाला, "गावपळण आसा गो, लगीन नाय." मी म्हटले, "लग्नात तरी खंय हसाक दिलास?" असा दिवस मी जन्मात बघितला नव्हता. हवालदारसाहेब म्हणाले, मुद्द्याचे सांगा. मुद्दा त्याच होडीत आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी होडीत चुलीवर पेज ठेवली. आमच्या घरासमोरून जाताना सुकटाने घर ओळखले आणि उडी मारली. पोहत गेला तो थेट आमच्या घरापुढच्या खळ्यात. हाका मारून माझा घसा बसला. लवू उडी मारणार होता, मी त्याचा हात धरला. गावच्या माणसाने त्या दिवशी आत पाऊल ठेवायचे नसते.

तेवढ्यात पलीकडल्या गावचे बाप्तिस्त मेस्त आपल्या डोंगीतून गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, आले. होड्या दुरुस्त करतात तेच. सुकट त्यांच्याच कुत्रीचे पिल्लू. मला रडताना बघून ते म्हणाले, "रडतस कित्याक गो? मी तुमच्या गावचो नाय. माका खंयची गावपळण? हाडतंय तेका." मला वाटले, हे बरोबर आहे. परगावच्या माणसाला आमचा नेम कसा लागेल? मी म्हटले, "मेस्तानु, पण कोणाक सांगू नकात. आमची तर बुडात." ते म्हणाले, "सांगूचंय नाय."

पेज उकळायच्या आत ते परत आले. दोन्ही हातांत सुकट होता आणि त्यांच्या सदऱ्याची बाही चावून फाडत होता. मी स्वतः वाकून त्याला होडीत घेतले. डोंगीत गळ, आमिषाची करवंटी आणि पाणी, एवढेच होते.

गाव परत भरल्यावर गुरुदास दुकानदाराचा हंडा व दोन घागरी चोरीला गेल्याचे कळले. भिकाजी गावकरांनी पलीकडून बाप्तिस्त मेस्तांना काहीतरी मोठे, काळे उराशी धरून डोंगीत चढताना बघितले होते. तो धुराने काळा झालेला हंडा नव्हता. सुकट होता. हंडा बाह्या फाडत नाही. शिवाय गुरुदासांचे घर बाजारात आहे, एवढ्या वेळात तिथे जाऊन येणे होत नाही. भांडी कोणी नेली ते मला ठाऊक नाही.

मेस्तांनी इथे, मासे मारूक गेल्लंय, एवढेच सांगितले असे मला कळले. मला दिलेल्या शब्दासाठी ते कालपासून कोठडीत आहेत. काल सबंध रात्र मला झोप आली नाही. लवू म्हणाला, "गप ऱ्हव. आपला पोट तरीर आसा. गाव आपल्या होडीत पाय ठेवचो नाय." तो भित्रा नाही. घरात खाणारी तोंडे सहा आहेत. मलाही भीती वाटते, ती मी लपवत नाही. पण माझा सुकट घरी भाकरी खातो आणि त्याला आणणारा माणूस गजाआड बसतो, हे मला बघवत नाही. त्यांना मीच पाठवले. गावाला दंड घ्यायचा असेल तर माझ्याकडून घ्यावा.

हवालदारसाहेब म्हणाले, हे गावात कळू द्यायचे नसेल तर मी हळू वाचतो. मी म्हटले, दार उघडा आणि मोठ्याने वाचा. त्याप्रमाणे वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. पडवीत भिकाजी गावकर व आणखी दोन मानकरी बसले होते, आत कोठडीत बाप्तिस्त मेस्त होते. सगळ्यांना ऐकू गेला. माझ्या सांगण्याप्रमाणे आहे, कमीजास्त काही नाही.

सुभद्रा लवू तारी, निशाणी डाव्या हाताचा अंगठा.