सातवी खुर्ची

नाही नाही, उठू नका — उत्तरं बरोबर आहेत तुमची, सगळी बरोबर आहेत, तोच तर घोटाळा झालाय. बसा. पाणी घ्या. मी जरा दार लावून घेते, आमच्याकडे कोण कुणाशी किती वेळ बोललं याचासुद्धा लोक अर्थ लावत बसतात. हं. तुम्हाला काय म्हणू — काकू? नको? बरं, ताई. रागावू नका, आई तुमच्याच वयाची आहे माझी, म्हणून आलं तोंडात. तर ताई, एवढ्या ढिगातून तुमचाच अर्ज मी का काढला असेल? अनुभव बघून? छे! अनुभव बारा वर्षांपूर्वीचा आहे तुमचा. मी काढला तो त्या बारा वर्षांसाठी — मुलं, सासूबाईंचं आजारपण, जे काय असेल ते. मला वाटलं, ह्या बाईंना आमची यंत्रणा बघून घाम फुटेल. आणि तुम्ही काय केलंत? विम्याच्या दाव्याची फाइल दिली तपासायला, तर चहा यायच्या आत त्यातली खोटी पावती काढून हातात ठेवलीत! कोणी सांगितलं होतं एवढं हुशार असायला?

हसू नका हो. मी गंमत करत नाहीये.

थांबा, नीट सांगते. अप्रेझल म्हणजे वर्षभराच्या कामाचं मोजमाप — ते तुमच्याही वेळी असेल. पण आमच्याकडे नियम असा, की प्रत्येक टीममधला एक जण शेवटच्या श्रेणीत टाकायचाच. टाकायचाच! सगळ्यांनी चांगलं काम केलं तरी? हो, तरी! वर्गात सगळ्यांना नव्वद मार्क पडले तरी एकाला नापास करून घरी पाठवायचं, कारण वर कोणीतरी ठरवलंय, नापास कोणीच नसेल तर बाई मुलांना लाडावून ठेवतायत. शेवटच्याला तीन महिने देतात, सुधारायला. काय सुधारायचं? त्यालाही माहीत नसतं, मलाही नसतं. मग तो जातो. आणि आमचे साहेब — तीस वर्षं इथेच आहेत, केस पिकलेत — भाषणात म्हणतात, आपण एक कुटुंब आहोत. मी विचारलं त्यांना, कुठल्या कुटुंबात हो दरवर्षी एकाला दाराबाहेर काढतात? तर म्हणाले, ‘‘अगं बाळा, आम्ही असेच घडलो.’’ घडलात कसले! तुमच्या वेळी हा नियमच नव्हता! नियम आला तेव्हा तुम्ही तो लावणाऱ्यांच्या बाजूला बसला होतात! ही अख्खी पिढीच — नाही, तुम्ही नाही ताई. म्हणजे — जाऊ दे.

काचेतून बघा, त्या दोघी दिसतात? एक निळ्या शर्टातली, एक केस वर बांधलेली. कॉलेजपासूनच्या मैत्रिणी. एकीनंच दुसरीला इथे चिकटवलं. एका डब्यात जेवायच्या, आता मधे फायलींचा ढीग रचलाय, भिंत घातल्यासारखा. परवा एकीनं विचारलं, परदेशातल्या हॉस्पिटलचं बिल कसं तपासायचं गं — तर दुसरी म्हणाली, काय माहीत. माहीत आहे तिला! मी स्वतः शिकवलंय! आणि तो कोपऱ्यातला खोकतोय ना, अंगात ताप आहे त्याच्या. मी म्हटलं घरी जा, तर असा बघायला लागला, जणू मी डाव टाकलाय. आणि टाकला नसेलच कशावरून — हल्ली मलाही माझं काही खरं वाटत नाही. दुसऱ्याची फाइल चुकीच्या गठ्ठ्यात गेलेली दिसली तर बघणारा तोंड उघडत नाही. बरंच आहे की, त्याचे कामाचे आकडे पडतील! त्या फाइलच्या मागे कोणीतरी कॉटवर पडलेलं असतं ताई, पैशांची वाट बघत — पण त्याला कोण विचारतो.

आणि खिडकीपाशी पाठमोरे बसलेत ते दादा. सगळे दादाच म्हणतात. मी आले तेव्हा मला ह्या कामातलं ओ की ठो कळत नव्हतं, सगळं त्यांनी शिकवलं. अजूनही जो जाईल त्याला शिकवतात, हातातलं काम बाजूला ठेवून — वेडा माणूस! मग स्वतः मागे पडतात. दुसऱ्याला शिकवल्याचा रकानाच नाही ना आमच्याकडे. मी ओरडते, दादा, बस करा, तुमचे आकडे बघा — तर नुसते हसतात. ह्या मोठ्या माणसांचं हसणं ना, डोक्यात जातं माझ्या! आईचंही तेच — तू काम चोख कर, बाकी सगळं आपोआप होतं. काय आपोआप होतं? कधी झालंय?

तर साहेबांनी युक्ती सांगितली. सगळेच करतात म्हणे. अप्रेझलच्या तोंडावर एक नवीन माणूस घ्यायचा. आम्ही सहा जण, मला धरून — सातवी खुर्ची भरायची. नवीन माणसाला काही कळायच्या आत त्याचं नाव शेवटच्या श्रेणीत, बाकीचे वाचले. पुढच्या वर्षी पुन्हा नवीन. कळतंय ना? मी तुम्हाला काढण्यासाठी घेणार होते, ताई.

असं बघू नका. केलं असतं मी, हो. दादांसाठी केलं असतं. त्यांना वाचवायचंय ना मला, दुसरं काय — काय झालं? नाही, दादांसाठीच! त्यांच्यासाठी मी — हे बघा, मी कालच साहेबांना दादांचं नाव दिलंय. झालं समाधान? दिलं! जीभ झडली नाही माझी. आणि साहेब काय म्हणाले? दादा नकोत, दादा गेले तर नवीन पोरांना तयार कोण करणार, फुकटात? म्हणाले, कोणी मिळालं नाही तर मग तुझंच नाव घालतो, तशीही तू फार प्रश्न विचारतेस. घराचा हप्ता, आईची औषधं — मी हात जोडले हो त्यांच्यापुढे. मी! एरवी माझी जीभ कशी चालते ते बघताय ना तुम्ही.

म्हणून सांगते, जा. सही करू नका. मी कळवते, उमेदवार पसंत नाही. माझं काय व्हायचं ते होऊ दे. उठा ना! तुमच्यासारख्या बाईला कुठेही — नाही मिळत? वर्षभर फिरताय? मग इथे येऊन काय होणार आहे, चार महिन्यांत पुन्हा — काय? तुम्हीच शेवटच्या कशावरून? अहो, तुम्ही नवीन — हो, नियमात तसं नाहीये. नवीनच माणूस पाहिजे असं कुठेही — हो, आकडे चांगले आले तर तुमच्या ऐवजी दुसरं कोणीतरी —

काय विचारलंत आत्ता?

पुन्हा विचारा. नाही, ऐकलं मी. आमच्या सहा जणांत सगळ्यात कच्चं कोण, हेच ना? अहो, आत्ता त्या दोघींचं ऐकताना डोळे भरले होते तुमचे! अजून त्या सातव्या खुर्चीत बसलासुद्धा नाहीत आणि —

बाहेर कुठे शोधताय? इकडे बघा. माझ्याकडे.

हं. पेन घ्या. इथे सही, आणि मागच्या पानावर एक. सोमवारी नऊला या. आणि काही अडलं तर मला विचारायचं नाही. जा आता.