छातीवरची देवी

ऐका मंडळी! आधी प्रश्न, मग गोष्ट. छातीवर देवीचं चित्र असलं, म्हणजे छातीत देवी असते का? माना डोलवू नका. उत्तर द्या! नाही ना देता येत? मग ऐका.

एक गाव होतं. नाव विचारू नका, तुमच्यासारखंच होतं. चैत्रात देवीची जत्रा, आणि जत्रेत लेकीसुनांची शर्यत — नदीपासून टेकडीवरच्या देवळापर्यंत. तीही भर दुपारी! का? तर पुढारी उशिरा येतात म्हणून. पुढाऱ्यासाठी पोरी थांबतील हो, ऊन थांबतं का?

देवस्थानचे अध्यक्ष माणिकराव. भक्त माणूस! भक्ती एवढी, की शर्यतीच्या टी-शर्टवर गळ्यापासून बेंबीपर्यंत देवीचा छापा — रबरासारखा जाड, चकचकीत. आणि पाठीवर? पाठीवर खुद्द माणिकराव! पुढून देवी, मागून अध्यक्ष, आणि मधे पोरगी उकडतेय.

अशीच एक पोरगी, शोभा, आदल्या वर्षी देवळाच्या पायऱ्यांवर कोसळली. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं, अंगाला वाराच मिळाला नाही. पण गावाला डॉक्टर कशाला लागतो? गावाने ठरवलं — देवीचा कोप! हिनेच काहीतरी विटाळ केला असणार. झालं! ठरत आलेलं लग्न मोडलं. शोभाने देवळात जाणं सोडलं. अरे, आईच्या दारात जायला लेक घाबरते, आणि तुम्ही घंटा बडवताय? लाज वाटते का कुणाला?

एकीला राग आला. शोभाची भावजय, कालिंदी. ती म्हणाली, हिला त्याच पायऱ्या पळत चढवीन, तेव्हाच गप्प बसेन. दोघी पहाटे कालव्याच्या रस्त्याला पळू लागल्या. आणि कालिंदी पळायचे टी-शर्ट घ्यायला तालुक्याच्या दुकानात गेली.

दुकानदाराने जाडजूड माल पुढे टाकला. म्हणे, ताई, वर्षानुवर्षं फाटायचा नाही. कालिंदीने कापड तोंडाला लावलं, पलीकडे तळहात धरला आणि फुंकर मारली. वारा पलीकडे जाईना. ठेवला बाजूला. सुती टी-शर्टातून वारा गेला, पण तो घाम पिऊन जड होतो, अंगाला चिकटतो, हे तिला पळून पळून ठाऊक होतं. शेवटी निघाला एक फिकट पोपटी, जाळीदार, हातात आहे की नाही कळू नये इतका हलका. फुंकर सरळ तळहाताला लागली! तिने दोन घेतले. मंडळी, बस्ता बांधताना तुम्ही काठ बघता, पदर बघता. आत माणूस जगेल का, हे कधी बघता?

शर्यतीचा दिवस उजाडला. माणिकरावांनी फर्मान काढलं — देवस्थानचा टी-शर्ट अंगात नाही, तिने पळायचं नाही. कालिंदी नाही म्हणाली. तिला शर्यतीच्या वाटेला बांधलेल्या दोराबाहेर काढलं. शोभाने मात्र मुकाट्याने पोपटी टी-शर्टवर तो रबरी चढवला. कालिंदी हात धरून अडवू लागली, तर म्हणाली, “वहिनी, देवी नको म्हटलं, तर बोल पुन्हा माझ्यावरच येईल.”

पळाली बिचारी. नदी मागे पडली, टेकडी आली, आणि त्याच पायऱ्यांवर — पुन्हा कोसळली!

कालिंदी दोराच्या बाजूबाजूने धावतच होती. तिने पायरीवर बसलेल्या फुलवालीच्या हातातली कात्री ओढली आणि गळ्यापासून खालपर्यंत तो टी-शर्ट कापला. गर्दी ओरडली — देवी कापली! देवी कापली! एवढी माणसं, मंडळी! ‘पोरगी वाचवा’ असं एकाच्याही तोंडून निघालं नाही! जळो ती भक्ती!

आतला पोपटी होता म्हणून निभावलं. कालिंदीने त्यावर फुलवालीची पाण्याची घागर रिकामी केली, फुलवालीने सुपाने वारा घातला. ओल्या जाळीतून वारा अंगाला लागला, अंग निवायला लागलं. शोभाने डोळे उघडले. पहिला शब्द काय? “वहिनी, पुन्हा कोप झाला का गं?”

कालिंदी उठली. कापलेला छापा घेऊन माणिकरावांसमोर उभी राहिली. आवाज चढवला नाही. म्हणाली, “अध्यक्ष, यातून फुंकर मारा. माझ्या हाताला वारा लागला, तर कोप देवीचा. नाही लागला, तर कोणाचा, ते तुम्हीच सगळ्यांना सांगा.”

सगळं गाव बघतंय! माणिकरावांनी फुंकर मारली. गाल फुगले, डोळे बाहेर आले, तोंड लालबुंद झालं. कालिंदीने तळहात गावाकडे वळवला आणि नुसती मान हलवली. ऊन कललं, तशी शोभा कालिंदीच्या खांद्यावर हात टाकून, एकेक पायरी चढून देवीपुढे गेली. अडवायला कोणी आलं नाही.

हसलात ना माणिकरावांच्या गालांना? आता इकडे बघा. मघाशी तुमच्या मंडळाने माझा सत्कार केला. शालीखाली हे ठेवलं होतं. उद्याच्या दौडीचा टी-शर्ट. पुढून देवी. मागून कोण, ते समोरच बसलेत. उठू नका अध्यक्ष, बसा! उद्या दुपारी यात पळणार आहेत त्या पोरी कोणाच्या? तुमच्या! हा मी पहिल्या रांगेत देतोय. तोंडाला लावा, पलीकडे हात धरा, आणि शेवटच्या रांगेपर्यंत जाऊ द्या.

थांबा, टाळ खाली ठेवा. देवीचा जयजयकार मग करू.

आधी फुंकर मारा.